विहिरीवरचा नंबर

माझ्याकडे आजवर जेवढे मोबाइल झाले, तेवढे आमच्या अख्ख्या भावकीत मिळून झाले नसतील. ही फुशारकी आहे, आणि ती मी खुशाल मारतो. एकही फोन विकला नाही, एकही बदल्यात दिला नाही. कपाटाचा वरचा खण त्यांचाच आहे. प्रत्येकाचा खोका, चार्जर, सोबत आलेली पुस्तिका, सगळं जागच्या जागी. बायको म्हणते, "माझ्या साड्या पेटीत अन् ह्यांचे डबडे कपाटात." म्हणू दे. हौसेला मोल नसतं.

पण ज्या फोनचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे, तो त्या कपाटात नाही. तो जालन्याकडच्या वाटूर गावापासून थोडं आत, आमच्या मोसंबीच्या बागेत, विहिरीवरच्या पत्र्याच्या डब्यात टांगलेला आहे. त्याच्यावर कोणी बोलत नाही. तरी त्या फोनानं आमची बाग तुटण्यापासून वाचवली, हे मी कोणापुढंही छातीठोकपणे सांगतो. आता त्यात माझा वाटा किती आणि दुसऱ्याचा किती, हे पुढं येईलच.

सुरुवात पहिल्या फोनपासून करायला हवी. शिक्षण संपवून मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात लागलो आणि वर्षभरात मोबाइल घेतला. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, त्यामुळे लोक फोन घेऊन तो वाजू नये अशी प्रार्थना करायचे. माझा फोन विटेएवढा जड होता आणि त्याला वर शेंडीसारखी अँटेना होती. मी तो पट्ट्याला कातडी कव्हरात लटकवून स्टेशन रोडनं चालायचो, तेव्हा ओळखीचे व्यापारी गादीवरून वाकून बघायचे. आमच्या नात्यात तो पहिलाच मोबाइल. म्हणून तो नंबर माझा एकट्याचा राहिलाच नाही. कोणाची सोयरीक जुळत असो, कोणी दवाखान्यात असो, निरोप माझ्याकडे. लग्नपत्रिकांवर "संपर्क" म्हणून माझा नंबर छापला जायचा, मग लग्न मावसभावाच्या मेहुणीचं का असेना. लोकांना तो नंबर तोंडपाठ झाला. मला त्याचा त्रास झाला असं मी म्हणणार नाही. मिरवायला मिळालं.

मग एकेक फोन येत गेला. टॉर्चवाला आला, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या गल्लीत मला मान मिळाला. मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्याकडे कॅमेऱ्याचा नवा फोन होता. बायको आजही सांगते की ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोनकडे दहादा. त्यानंतर चायनाचा एक फोन घेतला, त्याला मागं भलेमोठे स्पीकर होते. गल्लीतल्या गणपतीत लाउडस्पीकर ऐनवेळी बंद पडला तेव्हा त्या फोनानं आरती पार पाडली. पुढं काडीनं लिहायचा फोन, दोन सिमांचा फोन, बोटाचा ठसा ओळखणारा फोन. सध्या माझ्याकडे पुस्तकासारखा मिटणारा आहे. तो मी वडिलांना, म्हणजे दादांना, मोठ्या उत्साहानं दाखवला. त्यांनी तो उघडून मिटून पाहिला आणि म्हणाले, "दुमडूनच ठिवायचा तर एवढा मोठा घेतला कशाला?"

दादांनी आयुष्यात फोन कानाला लावला नाही. त्यांचं एकच म्हणणं, "माणूस समोर असला तर बोलावं. न्हाई तर काय हवेसंगं बोलायचं?" मी किती वेळा नवा कोरा फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

दसऱ्याला आमच्याकडे शेतातली अवजारं पूजतात. दादा विळे, खुरपी, फवारणीचा पंप घासूनपुसून ओळीनं मांडतात. मी दरवर्षी त्यांच्या शेजारी माझे मोबाइल मांडतो आणि प्रत्येकावर झेंडूचं फूल ठेवतो. पोट ज्याच्यावर चालतं ते अवजार, आणि माझं अर्धं काम फोनवर चालतं, त्यात हसण्यासारखं काही नाही. एका दसऱ्याला दादा त्या रांगेकडे बघत बसले होते. म्हणाले, "ह्यातल्या एकानं तरी कधी एखादं झाड भिजवलं का?" आणि मग त्याच सुरात, जसं कोणी चहा ठेवायला सांगावं तसं, म्हणाले, "एवढा उन्हाळा बघतो. न्हाई जमलं तर बाग तोडतो अन् सोयाबीन पेरतो."

मला हातातलं फूल ठेवायचं सुचेना. ही बाग त्यांनी मी नोकरीला लागलो त्याच वर्षी लावली होती. आई गेल्यापासून ते गावात एकटेच राहतात आणि दिवसाचे निम्मे तास झाडांत काढतात. पण गुडघे गेले होते. घरापासून विहीर लांब. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि दिलेल्या वेळेला येईलच याचा भरवसा नाही. लाइट आली की चालत जाऊन स्टार्टरचं बटण दाबायचं, गेली की हात हलवत परत यायचं. त्या पावसाळ्यात तर ते पायवाटेवर दोनदा पडले होते. मला सांगितलं नव्हतं, शेजाऱ्याकडून कळलं. झाडं पाण्यावाचून नव्हे, बटणावाचून मरायला निघाली होती.

त्यांचा टोमणा मला झोंबला होता हेही खरं. फोनवर मोटर चालू करायची यंत्रं बाजारात तयार मिळतात हे मला माहीत होतं. पण विकत आणलं तर मी कसला हौशी? कपाटातून टॉर्चवाला फोन काढला. रिंग आली की तो थरथरतो, त्या थरथरणाऱ्या भागाच्या दोन तारा बाहेर ओढल्या. वाटूरच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातून रिले, म्हणजे बारीकशा करंटवर मोठी लाइन चालू-बंद करणारा खटका, आणला आणि त्या तारा रिलेमधून स्टार्टरला जोडल्या. एका रिंगला मोटर चालू, पुढच्या रिंगला बंद. फोन कोणी उचलायचा नाही, म्हणजे पैसे पडायचा प्रश्न नाही. आता त्यात सिम कोणतं घालायचं? विहिरीवर एकाच कंपनीची रेंज येते, बाकी सगळ्यांची रेंज वाटूरच्या चौकात चहा पीत बसलेली असते. आणि त्या कंपनीचा माझ्याकडे एकच नंबर होता, पहिला. ऑफिस आणि बँक केव्हाच नव्या नंबरावर गेली होती. जुन्याचं सिम नुसतं पडून होतं, पण रिचार्ज बंद केलं तर कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते. माझा नंबर कोणा परक्याच्या खिशात वाजावा, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी तो विहिरीला दिला.

दिवाळीला मी दादांच्या शेजारी बांधावर उभा राहिलो, खिशातून मिटणारा फोन काढला आणि एक रिंग दिली. पाइपातून पाणी भदाभदा पडायला लागलं. दादांनी पुढं होऊन धारेखाली हात धरला. म्हणाले, "बराबर हाय." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणाला मिळाल्याचं मला आठवत नाही. पुढं ऑफिसात बसल्या बसल्या मी बागेला पाणी देऊ लागलो. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर "लाइट आली" आणि "लाइट गेली" याशिवाय कोणी काही लिहीत नाही. "लाइट आली" वाचलं की मी रिंग द्यायचो. त्या वर्षी जिथं जिथं लग्नाला गेलो, तिथं तिथं हा प्रयोग सगळ्यांना रंगवून सांगितला.

आणि तुळशीची लग्नं झाल्यावर गंमत सुरू झाली. लग्नसराई आली, आणि नातेवाइकांना पाठ असलेला नंबर तो जुनाच. कोणी आवतण द्यायला फोन लावी, इकडं मोटर सुरू. कोणी उचललं नाही म्हणून पुन्हा लावी, मोटर बंद. मी सगळ्यांना नवा नंबर कळवला होता, पण कळवणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं. दादा बागेत बसून हे बघायचे आणि संध्याकाळी शेजाऱ्याला त्याच्या फोनवरून मला निरोप द्यायला लावायचे, "दुपारी कुणीतरी एकदाच वाजवून गप बसलं, बघ कोण घाई नसणारा हाय. अन् चार वाजता कुणीतरी चालू-बंद, चालू-बंद लावल्तं. तुझा परतूरचा साडू असंल." साडूच होता. फोन कानाला न लावणारा माणूस मोटरीच्या वागण्यावरून आमचे नातेवाईक ओळखायला लागला होता.

हिवाळ्यात हे हसण्यावारी गेलं. विहिरीला पाणी होतं. होळी झाली तशी विहीर तळाला गेली, आणि मग हसू आलं नाही. दिवसभरात झऱ्यातून साठेल तेवढंच पाणी. ते वेळ धरून, ठरलेल्या ओळीलाच द्यायचं. भलत्या वेळी मोटर चालली तर पाणी वाया, आणि कोरडी चालली तर मोटर जळणार. शेजारच्या बांधापलीकडची बाग त्याच महिन्यात तोडली. कुऱ्हाडीचा आवाज आमच्या विहिरीपर्यंत येत होता, असं दादा म्हणाले. त्यांनी स्वतःच्या बागेबद्दल काही म्हटलं नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मी एकेका नातेवाइकाला फोन करून बजावलं. "त्या नंबरावर फोन करू नका," असं सांगणं सोपं नसतं. आमच्याकडे त्याचा अर्थ "तुमच्याशी संबंध ठेवायचा नाही" असा होतो. एका काकांना तर विहिरीपासून रिलेपर्यंत सगळं समजावून सांगावं लागलं, तेव्हा कुठं त्यांचा राग गेला. हळूहळू बाकीचे फोन थांबले. एकच थांबेना. रोज सकाळी एक रिंग, आणि लाइट असली की मोटर चालू. बंद करायला कोणी पुन्हा वाजवायचं नाही. दादांना लंगडत जाऊन ती बंद करावी लागायची, आणि तोवर रात्रभर साठलेलं पाणी भलत्याच ओळीला गेलेलं असायचं.

एका रविवारी मी पहाटेच जालन्याहून निघालो आणि विहिरीवर जाऊन बसलो. दादा मागं झाडाखाली होते. ऊन वर आलं आणि डब्यात फोन थरथरला, मोटर सुरू झाली. मी आधी स्टार्टरचं लाल बटण दाबलं आणि मग फोन उचलला.

"हॅलो," मी म्हणालो.

 पलीकडून एक दचकलेला, म्हातारा आवाज आला, "विहिरीवर कोण हाय?"

ती आत्या होती, जिला बजावायचं मला सुचलंच नव्हतं. दादांची थोरली बहीण, अंबड तालुक्यात अंतरवालीला दिलेली. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून तिला प्रवास झेपत नाही. माहेरी येऊन तिला कित्येक वर्षं झाली होती आणि दादा फोनवर बोलत नाहीत, म्हणून भावाचा आवाजही तिनं तेवढीच वर्षं ऐकला नव्हता.

"आत्या, मी हाय," मी म्हणालो.

"तू कशाला उचलला? मोटर चालू झाली का न्हाई?"

 तिला मोटरीचं कसं माहीत, असं मी विचारलं.

"तूच तर सांगितलं ना इथं अंतरवालीच्या लग्नात, ह्या नंबरवर रिंग देली की मळ्यात पाणी पडतं म्हणून. मंग म्या म्हणलं, इथं सकाळी तुळशीला पाणी घालून राह्यले, तसं एक रिंग तिकडं द्यावी. माहेरच्या झाडाला आपल्या हातचं पाणी. आता हात तर काही तिथवर पोचत न्हाई."

तिला अक्षर ओळखता येत नाही. तो एक नंबर मात्र तिच्या बोटांना पाठ आहे, कारण वीस वर्षं माहेरची प्रत्येक बातमी तिला त्याच नंबरावरून कळली. आजोबांची जमीन दादांच्या नावावर झाली तेव्हा तिनं तलाठ्यापुढं अंगठा उमटवून आपला हिस्सा सोडला होता. आमच्याकडे बहिणी असंच करतात, आणि त्याचं कोणी विशेष मानत नाही. मीही कधी मानलं नव्हतं. विहिरीच्या काठावर फोन कानाला लावून बसलो असताना ते मला आठवलं आणि "फोन करू नको" हे शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. पुन्हा बोलतो म्हणून मी फोन ठेवला.

दादांना सांगितलं. बाग राहायची असेल तर तिला थांबवावं लागेल, हेही सांगितलं, आणि ते काम तुम्ही करा, माझ्यानं होणार नाही, असंही. दादा काडीनं मातीत रेघा मारत बसले होते.

"कवापासून लावून राह्यली?"

"लग्नसराई लागल्यापासून असंल."

त्यांनी मातीतल्या रेघा पुसल्या. मग म्हणाले, "तिला लाइटचा टाइम कळीव. अन् कोणत्या ओळीला किती येळ, ते मी सांगतो. बंद करायची रिंग इसरू नको म्हणावं."

"दादा, रिंग द्यायला मी आहे की," मी म्हणालो. मला ते लागलं होतं. यंत्र माझं, फोन माझा, नंबर माझा.

"तू मीटिंगमधी असतो," दादा म्हणाले.

 मीटिंगमध्ये असताना माझ्याकडून दोनदा मोटर बंद करायची राहिली होती.

तेव्हापासून आमच्या बागेला अंतरवालीहून पाणी मिळायला लागलं. आठवड्याच्या सुरुवातीला मी आत्याला लाइटच्या वेळा सांगायचो आणि ती त्या एकदा ऐकून ध्यानात ठेवायची. रात्रीच्या पाळीलाही ती तयार, "म्हातारीला झोप कुठं आल्ती?" म्हणायची. भिंतीवरच्या घड्याळासमोर खुर्ची टाकून बसायची, चालूची रिंग द्यायची आणि बंदची रिंग देईपर्यंत जागची हलायची नाही. माझ्या ऑफिसात इतकी वेळेवर चालणारी एकही गोष्ट नाही. इकडं दादा दिवसाच्या पाळीला फावडं घेऊन ओळीच्या तोंडाशी उभे. झाडांच्या बुडांना सोयाबीनचा भुसा पसरलेला, पाण्याचा थेंब उन्हाला मिळू द्यायचा नाही असं चाललेलं. मोटर चालू झाली की ते नुसतं म्हणायचे, "बसली वाटतं खुर्चीवर."

एकदा ऐन मे महिन्यात लाइट असून मोटर चालू झाली नाही. दादांनी स्वतः बटण दाबून पाणी दिलं, आणि तसेच लंगडत शेजाऱ्याकडे जाऊन त्याच्याकरवी मला निरोप दिला, "पाण्याचं मी बघितलं. तिला इचार, बरी हाय का." आत्या ठणठणीत होती. तिच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं. मी ते लगेच केलं आणि पुढं कधी संपू दिलं नाही.

बाग वाचली. काही झाडांचे शेंडे वाळले, पण कुऱ्हाड लागली नाही. मृगानंतर विहीर भरली आणि मोसंबी अशी लागली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. दिवाळीच्या तोंडावर व्यापारी बाग बघायला येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी दादांनी झाडाझाडाखाली फिरून स्वतः निवडून एक कॅरेट भरलं आणि माझ्या गाडीत ठेवायला लावलं.

"अंतरवालीला नेऊन दे. पाण्याचा वाटा हाय म्हणावं."

आमच्याकडे ज्याचं पाणी, त्याचा पिकात वाटा असतो. तो कोणी उपकार म्हणून देत नाही आणि कोणी उपकार म्हणून घेत नाही. मी गाडी सरळ अंतरवालीला नेली. आत्या अंगणात ऊन खात बसली होती. कॅरेट तिच्यासमोर ठेवलं आणि दादांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"वाटा म्हणला?" तिनं विचारलं. "असंच म्हणला?"

"असंच."

तिनं एक मोसंबी उचलली, दोन्ही हातांत धरली. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायची तिनं घाई केली नाही. "त्या घरातून मला साडी लई वेळा आली," ती म्हणाली. "वाटा आज आला."

मग तिनं कमरेची पिशवी उघडून फोन काढला. मीच कधीकाळी तिच्यासाठी विकत घेतलेला बटणांचा फोन. न बघता बोटांनी नंबर दाबला, रिंग गेली तशी बंद केला.

"आत्या, आज पाण्याची पाळी न्हाई," मी म्हणालो.

"पाण्याला न्हाई देली," ती म्हणाली. "पोचला म्हणून देली. समजंल त्याला."

दिवसाच्या लाइटचा आठवडा होता, विहीर काठोकाठ होती, आणि दादा त्या वेळी बागेतच असणार होते. ती मोसंबी सोलायला बसली. बंद करायची रिंग तिनं दिली नाही आणि मी आठवण करून दिली नाही.